बूट काढून आलेला चोर

१

आन-सोफीचा फोन आला तेव्हा सकाळचे सव्वासात झाले होते आणि मी अंडं सोलत होते.

"मायकेन, ये. आत्ताच्या आत्ता ये. फाइल गेली!"

"कुठली फाइल?"

"नातेलाची! खिडकी फोडलीय कुणीतरी. बाकी सगळं जागच्या जागी आहे गं, फक्त तेवढीच गेली."

अंडं बशीत टाकलं आणि कोटाची बटणं जिना उतरता उतरता लावली. आमच्या गावात खिडकी फोडून चोरी? गेल्या वीस वर्षांत इथे चोरीला गेलेली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे पाद्रीबाईंची सायकल, आणि तीसुद्धा नंतर पाद्रीबाईंच्याच शेडमध्ये सापडली.

मी मायकेन. तीस वर्षं बेकरी कामगारांच्या संघटनेची या भागातली प्रतिनिधी होते. दोन वर्षांपूर्वी संघटनेने मला निवृत्त केलं, गावाने अजून केलेलं नाही. डालार्ना परगण्याच्या या कोपऱ्यात कुणाचा पगार अडला, कुणाचं मालकाशी वाजलं, की पहिला फोन मलाच येतो. खोटं कशाला बोलू, मला ते आवडतंही.

सिक्स्टेनच्या बेकरीच्या आवारात छोटं लाल घर आहे, तेच ऑफिस. दारातच नातेला उभी होती. अंगावर पिठाचा एप्रन, हात छातीशी घट्ट आवळलेले. जॉर्जियाची ही चौतीस वर्षांची बाई चार वर्षांपूर्वी आमच्याकडे आली आणि सिक्स्टेनच्या लाकडाच्या भट्टीवर उभी राहिली. तेव्हापासून आमची कडक भाकरी स्टॉकहोमपर्यंत जाते. भट्टीच्या तोंडाशी नुसता तळहात धरून ती सांगते, अजून दोन मिनिटं. आणि दोनच मिनिटं लागतात.

"मायकेन," ती म्हणाली, "तुम्हाला मुदत आठवतेय ना?" आमच्याकडे थोरामोठ्यांना सगळे अरे-तुरेच करतात. नातेलाला ते चार वर्षांत जमलेलं नाही.

मला आठवत होती. नोकरीच्या परवान्यावर चार वर्षं काढल्यावर आता तिला कायमचं राहता येणार होतं. त्यासाठी मालकाने तिचे सगळे विमे, रजा, पगार वेळच्या वेळी दिल्याचे पुरावे स्थलांतर कार्यालयाने मागवले होते. ते सगळे त्या एका फाइलमध्ये होते. पुरावे पोचले, तर ती इथली. नाही पोचले, तर चार आठवड्यांत देश सोडायचा.

मुदत होती गुरुवार, दुपारी चार. आणि आज गुरुवारच होता.

२

मी आत शिरले ती नेहमीप्रमाणे बूट दारात काढून. सिक्स्टेनची बायको सिग्ने हे ऑफिस सांभाळायची तेव्हापासूनचा तो नियम. सिग्ने जाऊन सहा वर्षं झाली, पण तिची साबणाने घासलेली पांढरी लाकडी जमीन आन-सोफी अजून तशीच राखते. आन-सोफी म्हणजे बेकरीचा हिशेब, पगार, टपाल, सगळं काही. आठवड्यातून तीन दिवस येते आणि पाच दिवसांचं काम करते.

खिडकीची काच जमिनीवर पडली होती. भिंतीवरच्या फळीत निळ्या फायलींची रांग होती आणि रांगेत मधेच एक दात पडल्यासारखी फट.

"कशाला हात लावलास का?"

"कशालाच नाही. दार उघडलं, पाहिलं, आणि तुला फोन केला."

मी खिडकीशी गेले. आमच्याकडच्या प्रत्येक खिडकीत कुंडी असतेच. इथे असायची सिग्नेच्या हातची जिरेनियमची कुंडी. ती खिडकीत नव्हती. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, सिग्नेच्या बर्च लाकडाच्या टेबलावर धड उभी होती, एक फूलसुद्धा गळलेलं नाही. खाली घडी घातलेलं वर्तमानपत्र. कुंडीचं पाणी झिरपून ते ओलं झालं होतं. वर शब्दकोडं दिसत होतं, अर्धे चौकोन हिरव्या शाईने भरलेले.

"कुंडी तू हलवलीस?"

"मी? छे. काल पाणी घातलं आणि खिडकीतच ठेवली होती. बुधवारी घालते ना मी."

मग मी खिडकीतून बाहेर वाकून पाहिलं. मार्चअखेरचा चिखल तुम्हाला काय सांगू! वितळता बर्फ, रस्त्यावर टाकलेली खडी आणि काळी माती, सगळ्याचा नुसता काला. अंगणातून चार पावलं चाललं की बूट दुप्पट जड होतात. खिडकीखाली त्या काल्यात मोठाले ठसे उमटलेले होते.

आणि आत? मी गुडघ्यावर बसले. माझे गुडघे काही ऐकत नाहीत हल्ली, पण बसले. खिडकीपासून फळीपर्यंत आणि फळीपासून दारापर्यंत सगळी जमीन पाहिली. काचेचे तुकडे होते. चिखल कणभरही नव्हता.

"आन-सोफी, सकाळी पुसलंस का?"

"सांगितलं ना, कशालाच हात लावला नाही!"

मी उठले. अंगावर शहारा आला आणि खरं सांगते, मजाही वाटली. फोडलेल्या खिडकीतून कुणी आत आलंच नव्हतं. चोर दारातून आला होता आणि येताना त्याने बूट काढले होते.

३

नऊ वाजता स्थलांतर कार्यालयाचा फोन सुरू झाला. रांगेत माझा नंबर एक्केचाळीसावा. पाऊण तास बासरीचं संगीत ऐकल्यावर एक तरुण, शांत आवाज आला. त्याने ऐकून घेतलं, वाईटही वाटलं त्याला. पण मुदत एकदा वाढवून झाली होती, पुन्हा वाढत नाही. चारपर्यंत कागद ईमेलने आले तर ठीक, नाहीतर आहे त्या कागदांवर निर्णय होईल.

"आणि आहे त्या कागदांवर निर्णय काय होईल?"

"ते मी सांगू शकत नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजावरून मला कळलं.

म्हणजे हातात सहा तास. पोलीस तालुक्याच्या गावाहून येणार उद्या, एका फायलीसाठी. मी कॉफीचा एक कप ओतून घेतला आणि कामाला लागले.

पहिला तूरे. हा आमचा बावन्न वर्षांचा कुरकुऱ्या. नातेला येण्याआधी भट्टी त्याची होती. खांदा निखळला आणि तो पॅकिंगला आला, तेव्हापासून जगाने त्याचं वाकडं केलंय.

"गेली ना फाइल? मला विचारायला येशीलच, ठाऊक होतं," पुठ्ठ्याचे खोके दुमडत तो म्हणाला. "गावात काही बिघडलं की तूरे! दूध नासलं, तूरे!"

"तुला भट्टी परत हवी आहे की नाही?"

"हवी आहे. लपवतोय कुठे? पण मी केलं असतं तर खिडकी कशाला फोडली असती? ऑफिसची किल्ली तिथे खिळ्याला लटकलीय, आंधळ्यालाही सापडेल."

"नातेलाची फाइल फळीत कुठे असते?"

"मला काय माहीत? नाव असेल ना वर."

नाव कुठल्याच फायलीवर नव्हतं. सगळ्या एकसारख्या निळ्या, पाठीवर फक्त आकडे. मी चेहऱ्यावर काही दिसू न देता विचारलं, "काल अडीचच्या कॉफीला कोण कोण होतं?"

"सगळेच. आन-सोफी कॉफीनंतर बसने गेली, नातेला भट्टीवर, मी इथे. आणि आमचे मालक महाशय अख्खा वेळ कोड्यात डोकं घालून! बेकरीत पेपर एकच येतो, बाई. म्हटलं, हॉकीचं पान तरी दे, काल मॅच होती. तर म्हणे, आधी कोडं संपू दे, आणि पेपर कोटाच्या खिशात कोंबून गेलासुद्धा! तू संघटनेची आहेस ना? याचं काहीतरी कर."

"बघते हं," मी म्हटलं.

आन-सोफी ऑफिसच्या पायरीवर बसली होती आणि तिचे डोळे लाल झाले होते. काहीतरी दाबून ठेवलंय, हे तिच्याकडे पाहूनच कळत होतं.

"बोल," मी म्हटलं. "मला सगळं आज हवंय, उद्या नको."

"माझी चूक झाली होती, मायकेन. पहिल्या वर्षी. नातेलाचा विमा दोन महिने उशिरा नोंदवला मी. माझी आई तेव्हा हॉस्पिटलात होती, राहूनच गेलं. एवढ्याशा गोष्टीवरून परवाने नाकारलेत गं लोकांचे!" ती हुंदके देऊ लागली. "मग मी विमा कंपनीच्या मागे लागले. मागच्या तारखेपासून विमा लागू धरला, असं पत्र त्यांनी दिलं. ते काल टपालाने आलं. कालच! मीच ते फायलीत लावलं, आज सकाळी सगळं स्कॅन करून पाठवणार होते."

"त्या पत्राची प्रत?"

"दुसरी मागवली तर दोन आठवडे."

माझं डोकं भराभर चालायला लागलं. चूक हिची, फाइल हिच्या ताब्यात, किल्ली हिच्याकडे, कुंडीला पाणीही हीच घालते. कुणीही म्हणालं असतं, झालं, सापडली चोर. मी तिच्या हातात रुमाल दिला.

सिक्स्टेन आवारातल्या लाकडाच्या शेडमध्ये ओंडके रचत होता. अडुसष्ट वर्षांचा, दारातून वाकून यावं लागेल इतका उंच. आम्ही एका शाळेत होतो, तेव्हाही तो असाच उंच आणि हट्टी होता.

"हरामखोर चोर," तो म्हणाला. "सिग्नेच्या ऑफिसात शिरतो म्हणजे काय!"

"तू काल कुठे होतास?"

"कॉफी झाली तसा गाडीत बसलो आणि थेट घरी, तळ्यापलीकडे. आज सहाला आलो. नगरपालिकेचा फोन आला होता. आज दुपारपासून बर्फावर जायला बंदी, म्हणे. माझी मासेमारीची टपरी अजून गोठलेल्या तळ्यावरच उभी आहे."

"टपरी राहू दे. नातेलाचं काय होणार, सांग."

त्याने एक ओंडका ठेवला, दुसरा उचलला. "काय व्हायचंय? कागद नाहीत तर अजून दोन वर्षांचा तात्पुरता परवाना देतील. उगाच सगळे रडताहेत. काम करणाऱ्या, कर भरणाऱ्या माणसाला आपल्या देशातून कुणी हाकलत नाही, मायकेन."

हे त्याने इतक्या विश्वासाने म्हटलं की क्षणभर मलाही धीर आला.

शेवटी नातेला. ती भट्टीसमोरून हलली नव्हती. आज जाईल की राहील ठाऊक नसलेल्या देशासाठी ती भाकऱ्या भाजत होती आणि एकही करपली नव्हती.

"तुझं कुणाशी वाकडं आहे का?"

"नाही. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाहीये." तिने लांब दांड्याचं फावडं भिंतीला टेकवलं. "मला स्वतःची बेकरी काढायची आहे, मायकेन. बंद पडलेलं पोस्ट ऑफिस आहे ना, तिथे. माझ्या आजीच्या पद्धतीची मातीची भट्टी बांधायची, भिंतीला चिकटवून पाव लावायचे. या परवान्यावर मला फक्त नोकरी करता येते. कायमचा मिळाला की..." ती थांबली. "सिक्स्टेनना आधी सांगायला हवं होतं. पण वाटलं, कागद हातात पडू दे. फक्त होल्गरशी बोलले, जागा त्याची आहे म्हणून."

होल्गर! बाई गं! होल्गर दर शरद ऋतूत एल्कच्या शिकारीला ज्या माणसाबरोबर मचाणावर आठवडाभर बसतो, तो माणूस कोण, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

साडेअकरा वाजले होते. मी घंटा वाजवून सगळ्यांना जेवायला बोलावलं.

४

गुरुवार म्हणजे वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. जग बुडालं तरी आमच्याकडे गुरुवारी तेच. चौघं टेबलाशी बसली. मी उभी राहिले.

"जेवता जेवता ऐका," मी म्हटलं, "कारण वेळ नाहीये. ही चोरी बाहेरच्या चोराने केलेली नाही. खिडकीखाली चिखलात ठसे आहेत आणि आत जमीन लख्ख. चोराने किल्लीने दार उघडलं, सवयीने बूट काढले आणि काच नंतर बाहेरून फोडली. घरफोडीचं सोंग करतानासुद्धा सिग्नेच्या जमिनीवर बूट घालून जाणं त्याला जमलं नाही."

तूरे हसला. "काय सभ्य चोर आहे!"

"सभ्यच आहे. काच फोडण्याआधी त्याने आत जाऊन कुंडी खिडकीतून उचलली, तिला लागू नये म्हणून. ती टेबलावर ठेवली आणि टेबलाला डाग पडू नये म्हणून खाली पेपर घातला. आता तूरे, तू नव्हेस. फायलींवर नावं नाहीत हे तुला माहीतच नाही, आणि चोराने बाकी एकही फाइल न हलवता बरोबर तीच काढली."

"आभारी आहे," तूरे म्हणाला आणि पॅनकेकवर जॅम घेतला.

"कुठली फाइल नातेलाची, हे जाणणारी माणसं दोन. आन-सोफी," मी म्हटलं, आणि ती पांढरीफटक पडली, "तुझ्या हातून चूक झाली होती. पण ती चूक निस्तरणारं पत्र कालच त्या फायलीत लागलं. फाइल पोचली तर तू सुटलीस. फाइल गेली तर तुझी चूक उघडी. कुणी वेडी बाई स्वतःच्याच सुटकेचा कागद चोरेल?"

सूप ढवळणारे चमचे थांबले.

मी पिशवीतून ते ओलं वर्तमानपत्र काढून टेबलावर ठेवलं. "कालचा पेपर. हिरव्या शाईत अर्धं कोडं. तूरे, हाच का तुला न मिळालेला?"

"हाच की! हे बघा माझं हॉकीचं पान!" तूरे ओरडला. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने हळूच मालकाकडे पाहिलं.

"कॉफी झाली तेव्हा हा पेपर एका माणसाच्या कोटाच्या खिशात होता," मी म्हटलं. "तो माणूस म्हणतो, मी थेट घरी गेलो. मग पेपर सिग्नेच्या टेबलावर कसा आला, सिक्स्टेन?"

सिक्स्टेनने चमचा खाली ठेवला. खिशातून हिरवं पेन डोकावत होतं. त्याने ते काढून उगाच टेबलावर ठेवलं.

"होल्गरने सांगितलं मला," तो म्हणाला. "पोस्ट ऑफिसचं. मला वाटलं, आणखी दोन वर्षं. तेवढीच. तोवर मी सत्तरीचा होतो, बेकरी बंद करतो, मग जाऊ दे तिला कुठेही. तिच्याशिवाय ही भट्टी..." त्याने पेन पुढे सरकवलं. "तिचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं, मायकेन. तात्पुरता परवाना तर देणारच होते ते."

"स्थलांतर कार्यालयाच्या पत्राचं दुसरं पान वाचलंस?"

"पहिलं वाचलं. नेहमीचंच असतं."

मी पिशवीतून दुसरं पान काढून त्याच्यासमोर धरलं आणि बोट ठेवलं. तात्पुरता परवाना आता मिळत नाही. चार वर्षं संपली. पुरावे नसतील तर अर्ज फेटाळणार आणि अर्जदाराने चार आठवड्यांत देश सोडायचा.

त्याने ते दोनदा वाचलं. आयुष्यभर सरकारवर विश्वास ठेवलेला माणूस होता तो. सरकार असं काही करेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

नातेला उभी राहिली. आवाज चढला नाही तिचा, त्यामुळेच तो जास्त लागला. "चार वर्षं मी तुमच्या नावावर या देशात राहिले. घर घेताना तुमचं पत्र, बँकेत तुमचं पत्र. आजारी पडले तरी आधी तुमचा चेहरा आठवायचा. एक दिवस, फक्त एक दिवस मला माझ्या स्वतःच्या नावावर इथे उभं राहायचं होतं. ते तुम्ही खिडकीतून फेकून दिलंत."

सिक्स्टेनने दोन्ही हातांत तोंड लपवलं.

"रडणं नंतर," मी म्हटलं. "फाइल कुठे आहे?"

त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. ऊन लख्ख पडलं होतं आणि तळ्यावरचा बर्फ काळपट दिसत होता.

"टपरीत," तो म्हणाला.

५

काठावर पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. बंदीची पाटी लागलेली होती. टपरी काठापासून शंभर-दीडशे पावलांवर, आणि काठालगत हातभर रुंदीचं पाणी लुकलुकत होतं.

"काल सहज गेलो होतो," सिक्स्टेन पुटपुटला.

"मी जाते," नातेला म्हणाली. "सगळ्यात हलकी मी आहे."

"तू एक पाऊल टाकून तर बघ!" सिक्स्टेन असा ओरडला की झाडावरचे कावळे उडाले. "घाण मी केली, निस्तरणार मी."

तूरेने बेकरीची लांब शिडी आणली होती. कुरकुर न करता, लिहून ठेवा. बर्फात रोवायचे दोन खिळे त्याने सिक्स्टेनच्या गळ्यात अडकवले, कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक आम्ही तिघींनी आणि त्याने धरलं. शिडी पाण्यावरून पुढे सरकली. सिक्स्टेन पोटावर आडवा झाला आणि ती ढकलत सरपटायला लागला.

बर्फ कुरकुरत होता. प्रत्येक कुरकुरीला आन-सोफी माझं मनगट आवळायची. अर्ध्यावर एक मोठा आवाज झाला आणि त्याचे दोन्ही पाय खाली गेले.

"ओढा!" मी किंचाळले.

"ओढू नका!" तो तिकडून किंचाळला. "अजून पोचलो नाही!"

खिळे रोवून, शिव्या देत, तो वर आला. डालार्नाच्या जुन्या बोलीतल्या त्या शिव्या मी चाळीस वर्षांत ऐकल्या नव्हत्या. पुढे गेला. टपरीचं दार उघडलं. आत हात घातला. आणि मग त्याने डोक्यावर काहीतरी धरलं, निळं, दुहेरी प्लास्टिकमध्ये नीट बांधलेलं. चोरीचा माल ओला होऊ नये याची काळजी घेणारा असा चोर मी पुन्हा बघणार नाही.

"आता ओढा!"

आम्ही ओढलं. देवा, काय ओढलं! तो काठावर आला तेव्हा कमरेपर्यंत भिजलेला होता आणि दात वाजत होते. फाइल त्याने माझ्या हातात दिली नाही. नातेलाच्या हातात दिली. ती फाइल छातीशी धरून गाडीकडे पळाली, आणि आम्ही तिच्या मागे.

आन-सोफीने बोटं मोडेपर्यंत स्कॅन केलं. एकशे बारा पानं. तीन वाजता मशीनमध्ये कागद अडकला, तूरेने पीठ झाडायच्या ब्रशने तो काढला. तीन वाजून सेहेचाळीस मिनिटांनी नातेलाने स्वतःच्या बोटाने 'पाठवा' दाबलं. दोन मिनिटांनी पोच आली. मी खुर्चीत बसले आणि लहान मुलीसारखी रडले, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

पोलिसांना काय सांगायचं, असं मी नातेलाला विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "पण मला त्यांच्याशी बोलायला सांगू नका."

६

आणि ती बोलली नाही. एप्रिल गेला, मे गेला. लाकूड हवंय, पीठ संपलं, एवढंच. सिक्स्टेनने नवी काच स्वतः बसवली. मग एक दिवस त्याने बेकरी विकायला काढली. तूरे आणि आन-सोफी दोघांनी मिळून घ्यायचं ठरवलं. तूरेचा खांदा बरा झाला होता आणि कुरकुर थोडी कमी झाली होती.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, अडीचच्या कॉफीला, नातेला पाकीट घेऊन आली. मी तिथेच होते, हल्ली रोजच असते. तिने कागद उलगडला, वाचला, पुन्हा वाचला.

"कायम," ती म्हणाली. मग मोठ्याने, "कायम! कायम!" आणि आन-सोफीला मिठी मारली, तूरेला मारली, माझी तर हाडं मोडायचीच बाकी होती. तूरेने पत्र्याचा डबा वाजवायला घेतला. सगळा दंगा झाला.

सिक्स्टेन टेबलाच्या टोकाला बसून होता. त्याला उठावं की बसावं ते कळत नव्हतं. दंगा ओसरल्यावर नातेलाने आणखी एक कागद काढून त्याच्यापुढे ठेवला.

"राजीनामा," ती म्हणाली. "एका महिन्याची आगाऊ सूचना."

"हो," तो म्हणाला. "बरोबर आहे."

तिने तिसरा कागद ठेवला. "आणि हा पोस्ट ऑफिसचा भाडेकरार. ऑगस्टमध्ये भट्टी बांधायची आहे. मला लाकूड, आग कळणारा माणूस हवा. आठवड्यातून तीन सकाळी. पहिले सहा महिने परीक्षेवर. काम आवडलं तर कायम करीन."

तूरेची कॉफी नाकात गेली.

"आणि नाही आवडलं तर?" सिक्स्टेनने विचारलं.

"तर घरी जायचं," नातेला म्हणाली. "तुम्हाला फक्त तळं ओलांडायचंय. मला जॉर्जियात जावं लागलं असतं."

कुणीच हसलं नाही. सिक्स्टेनने टोपी काढली आणि ती गुडघ्यावर ठेवली. त्याचे डोळे भरले होते.

"किती वाजता येऊ?"

"चारला," ती म्हणाली. "पहाटे. आणि उशीर मला चालत नाही."